दुकानातलं जुनं सॉफ्टवेअर क्लाउडवर न्यायचंय? आधी उधारी जुळवा

लातूरच्या मार्केट यार्डात आमच्या काकांचं ठोक भुसार दुकान आहे. तूरडाळ, हरभरा, मूग, थोडंफार किराणा. बिलिंगचं सॉफ्टवेअर २००३ सालचं, फॉक्सप्रो या जुन्या डेटाबेस प्रोग्रॅममध्ये एका ओळखीच्या माणसाने लिहून दिलेलं, निळी स्क्रीन, माउसची गरजच नाही, आणि आमच्या दिवाणजींचा त्यावर एवढा हात बसलेला की गिऱ्हाइकाशी बोलता बोलता बिल निघायचं. ते क्लाउडवर न्यायचं काम घरातला कॉम्प्युटरवाला म्हणून माझ्याकडे आलं, मग यार्डातली अजून चार-पाच दुकानं झाली, एक मेडिकलचं होलसेल झालं. प्रत्येक ठिकाणी लोक पहिला प्रश्न विचारतात की कुठलं सॉफ्टवेअर घेऊ, आणि प्रत्येक ठिकाणी खरा त्रास झाला तो डेटामध्ये, त्यातही उधारीत. म्हणून हे सगळं एकदा नीट लिहून ठेवतोय.

आधी एक सांगतो, सगळ्यांनी जायलाच पाहिजे असं नाही. एकच गल्ला, एकच पीसी, मालक स्वतः रोज दुकानात, आणि सॉफ्टवेअर लिहिणारा माणूस फोन उचलतो, तर घाई करू नका. पण तो माणूस आता धंद्यात नसेल, किंवा सॉफ्टवेअर फक्त एकाच जुन्या पीसीवर चालत असेल तर मात्र वेळ काढू नका. डॉसमधले जुने प्रोग्रॅम ६४ बिटच्या विंडोजवर सरळ चालतच नाहीत, म्हणून यार्डात अजून विंडोज ७ किंवा एक्सपीची मशीनं जपून ठेवलेली दिसतात. विंडोज ७ चा सपोर्ट १४ जानेवारी २०२० ला संपला, व्हिज्युअल फॉक्सप्रोचा तर १३ जानेवारी २०१५ लाच. म्हणजे तुमची २० वर्षांची खतावणी एका हार्डडिस्कवर, आणि ती डिस्क एका पॉवर सप्लायच्या भरवशावर. पावसाळ्यात एक वीज कडाडली की छातीत धस्स होतं.

तर सुरुवात कुठून करायची? दोन दिवस काउंटरवर बसा, वही घेऊन. काहीही बदलू नका, फक्त बघा. कोण कुठला रिपोर्ट काढतो, कशासाठी, कागद पुढे कुणाकडे जातो. आमच्याकडे रोज संध्याकाळी ७ वाजता दिवाणजी एक यादी काढायचे, गावाप्रमाणे उधारी, औसा, निलंगा, अहमदपूर, उदगीर अशी, आणि ती घेऊन वसुलीवाला दुसऱ्या दिवशी सकाळची एसटी पकडायचा. ही यादी मालकाच्या लक्षातही नव्हती, डेमो द्यायला आलेल्यांनी तर विचारलंच नाही, आणि नवीन सॉफ्टवेअरमध्ये पार्टीला, म्हणजे माल नेणाऱ्या गिऱ्हाइकाला, गावाचा रकाना होता पण त्यावरून यादी निघत नव्हती. हे दोन महिन्यांनी कळलं असतं तर वसुलीच थांबली असती. म्हणून डेमोला जाताना आपले कागद घेऊन जायचे, समोरच्याला म्हणायचं हा कागद मला काढून दाखवा, बाकी रंगीत ग्राफ नंतर बघू.

आता क्लाउड म्हणजे नक्की काय, कारण या एका शब्दाखाली दोन वेगळ्या गोष्टी विकल्या जातात. एक म्हणजे तुमचंच आत्ताचं सॉफ्टवेअर उचलून भाड्याच्या सर्व्हरवर ठेवायचं आणि रिमोट डेस्कटॉपने, म्हणजे दूरचं मशीन आपल्या स्क्रीनवर चालवून, उघडायचं, टॅली बरेच जण असंच वापरतात. दुसरं म्हणजे मुळातच ब्राउझरमध्ये चालणारं नवीन सॉफ्टवेअर घ्यायचं, झोहो बुक्स असेल, किंवा आपल्या मुंबईतच तयार झालेलं ईआरपीनेक्स्ट, जे ओपन सोर्स आहे. पहिल्यात माणसांना काही नवीन शिकावं लागत नाही पण जुन्या सॉफ्टवेअरचे सगळे रोग बरोबर येतात. दुसऱ्यात महिना दोन महिने हाल होतात पण मग काम सुटसुटीत होतं. माझं मत असं की टॅलीसारखं चालू, अपडेट होणारं काही असेल तर पहिला रस्ता ठीक आहे, फॉक्सप्रोसारखं असेल तर दुसराच घ्या, मेलेला बैल नवीन गोठ्यात नेऊन उपयोग नाही. आणि पहिला रस्ता घेतलात तर एक गोष्ट कृपा करून ऐका, रिमोट डेस्कटॉपचा ३३८९ पोर्ट इंटरनेटवर उघडा ठेवू नका. डेटाला कुलूप लावून खंडणी मागणारे रॅन्समवेअरवाले तोच दरवाजा रात्रंदिवस ठोठावत असतात. व्हीपीएन (खासगी सुरक्षित जोडणी) लावून घ्या, ओटीपी लावून घ्या, बसवून देणारा म्हणाला काही होत नाही तरी लावून घ्याच.

सर्व्हर कुठे आहे तेही विचारा. मोठ्या क्लाउड कंपन्यांचे डेटा सेंटर मुंबईत, पुण्यात आहेत, त्यामुळे भारतातच डेटा ठेवणं आता अवघड नाही. तुमची प्रायव्हेट लिमिटेड असेल तर हा कायद्याचाच मुद्दा आहे, हिशेबाच्या पुस्तकांचा बॅकअप रोज भारतातल्या सर्व्हरवर गेला पाहिजे, आणि १ एप्रिल २०२३ पासून एडिट लॉग, म्हणजे कुणी कधी काय बदललं याची नोंद ठेवणारं, आणि ज्यात ती नोंद बंद करता येत नाही असं सॉफ्टवेअर लागतं. प्रोप्रायटर आणि भागीदारीला हे बंधन नाही, पण एडिट लॉग मी सगळ्यांनाच चालू ठेवायला सांगतो, कारण जुनं बिल गुपचूप बदलल्याने भावाभावांत लागलेली भांडणं मी बघितली आहेत.

आता डेटा. इथे मी जरा लांबणार आहे.

पहिलं काम कॉपी. पूर्ण फोल्डर उचलायचा, नुसत्या डीबीएफ, म्हणजे फॉक्सप्रोच्या डेटाच्या, फाइली नाही, कारण शेरे आणि लांब मजकूर एफपीटी फाइलीत असतो, ती राहिली तर पार्टीचे पत्ते, अटी सगळं गायब. दोन वेगवेगळ्या डिस्कवर घ्या, एक घरी न्या, आणि दुसऱ्या मशीनवर उघडून बघा. उघडून न बघितलेल्या बॅकअपला मी बॅकअप म्हणत नाही. एका दुकानात वर्षभर रोज इमाने पेनड्राइव्ह लावत होते आणि कॉपी होत होती ती दोन वर्षांपूर्वीच्या जुन्या फोल्डरची.

दुसरं, फॉक्सप्रोमध्ये एखादी नोंद डिलीट केली की ती खरी जात नाही, तिच्यावर फक्त खूण होते, पॅक कमांड दिल्यावरच ती फाइलीतून निघते. डेटा बाहेर काढणारं टूल ती खूण बघत नसेल तर वर्षानुवर्षं रद्द केलेली बिलं जिवंत होऊन परत येतात. आमच्याकडे पहिल्या ट्रायलला उधारी सव्वा लाखाने जास्त दिसली, तीन रात्री आम्ही डोकं खाजवत बसलो, आणि शेवटी दिवाणजींनीच एक बिल बोटाने दाखवलं, हे तर रद्द केलं होतं, गाडी पुलावरून परत आली होती त्या दिवशी. त्यांना तारीखसुद्धा पाठ. तेव्हा डिलीट मार्क असलेल्या नोंदी वगळायला सांगा, आणि जमल्यास पॅक कॉपीवर करा, मूळ फाइलीवर कधीच नाही.

तिसरं म्हणजे आपलं मराठी. बऱ्याच जुन्या सॉफ्टवेअरमध्ये पार्टीची नावं श्रीलिपी, कृतिदेव असल्या फॉन्टमध्ये टाइप केलेली असतात. ते युनिकोड नाही. आत साठवलेली असतात इंग्रजी अक्षरं आणि चिन्हं, फॉन्ट फक्त त्यांना मराठीचं रूप देतो. क्लाउडवर गेलं की फॉन्ट गेला, आणि पाटील ट्रेडर्सच्या जागी कंस, स्वल्पविराम आणि डॉलरची खिचडी दिसते. कन्व्हर्टर मिळतात, पण कुठला फॉन्ट आहे ते नेमकं माहीत पाहिजे, आणि कन्व्हर्ट झाल्यावर जोडाक्षरं आणि रफार डोळ्यांनी तपासावेच लागतात. र्‍हस्व वेलांटी अक्षराच्या पुढे-मागे होते, धर्माबादचा रफार भलत्याच अक्षरावर जाऊन बसतो. ४०० पार्ट्या असतील तर एक दुपार लागते, घालवा ती. लोकांची नावं आहेत, बिलावर चुकीचं नाव छापून गेलं की माणूस दुखावतो.

चौथं, एक्सेल. डेटा बहुतेक वेळा एक्सेलमधून पुढे जातो आणि एक्सेल न विचारता सुधारणा करतं. डाळींचा एचएसएन, म्हणजे जीएसटीसाठीचा मालाचा कोड, ०७१३, मिरची-मिरीचा ०९०४, चहाचा ०९०२, एक्सेल पुढचं शून्य खाऊन टाकतं, राहतं ७१३. लॉट नंबर १२ई५ असा असेल तर ई५ म्हणजे पुढे पाच शून्यं धरून ते त्याला बारा लाख समजतं. तारीख ०५/०४/२०२५ ही ५ एप्रिल, पण मशीनची सेटिंग अमेरिकन असेल तर झाली ४ मे, आणि सगळी उधारी महिनाभर पुढे सरकली. उपाय सोपा आहे, फाइल डबल क्लिक करून उघडायची नाही, डेटा मेनूतून इम्पोर्ट करायची आणि प्रत्येक कॉलमला टेक्स्ट निवडायचं. जीएसटी नंबर तर १५ अक्षरांचाच हवा, पहिले दोन राज्याचे, महाराष्ट्राला २७, गोव्याला ३०, पुढची दहा अक्षरं पॅन. लांबी मोजणारा साधा फॉर्म्युला लावला तरी निम्म्या चुका तिथेच सापडतात.

मालाची यादीसुद्धा याच वेळी साफ करून घ्या. आमच्याकडे तूरडाळ नावाचे ११ आयटम होते, तुरडाळ, तूर दाळ, तूरडाळ नवी, तूरडाळ २. यातले काही एकत्र करायचे, पण सगळे एक करून टाकू नका. सुटी किंवा ३० किलोच्या कट्ट्यातली डाळ आणि लेबल लावलेलं १ किलोचं पाकीट हे जीएसटीच्या हिशेबाने वेगळे आहेत, २५ किलोपर्यंतच्या लेबलवाल्या पॅकवर १८ जुलै २०२२ पासून ५ टक्के लागला. एकच आयटम ठेवलात तर कुणीतरी गर्दीत चुकीचा कर लावणार म्हणजे लावणार.

आणि आता उधारी, जिच्यासाठी हा सगळा लेख लिहिलाय. सॉफ्टवेअर बसवून देणारे बहुतेक वेळा प्रत्येक पार्टीची एक ओपनिंग बॅलन्स आणतात, अमुक पार्टीकडे ८४,००० येणे, झालं. ताळेबंद जुळतो, सीए खूश. पण वसुलीवाल्याला ८४,००० या आकड्याचा काही उपयोग नाही. त्याला हवं असतं की यातले ३१,००० कुठल्या बिलाचे, ते बिल ९० दिवसांचं झालं का १०, आणि गेल्या वेळी पार्टीने दिलेले २०,००० कुठल्या बिलात जमा केले. नुसती एकूण बाकी आणलीत की नवीन सॉफ्टवेअरला सगळी उधारी एकाच तारखेची वाटते, जुनी थकबाकी ताज्या मालात मिसळून जाते, आणि पार्टी म्हणते ते तर मी दिलंय, तुमच्याकडे दाखवायला काही नाही. म्हणून थकलेलं प्रत्येक बिल वेगळं आणा, बिल नंबर, मूळ तारीख, बाकी रक्कम. ऑन अकाउंट आलेले पैसे, जे कुठल्याच बिलाला लावलेले नाहीत, ते आधी जुन्या सॉफ्टवेअरमध्येच लावून संपवा. आणि कसर-वटावात टाकायच्या दोन-पाच रुपयांच्या बाक्या जुन्यातच निकालात काढा, नाहीतर त्या ढेकणासारख्या नवीन घरातही येतात. आमच्याकडे या एका कामाला ११ दिवस लागले. बाकीचं सगळं मिळून आठवडा.

पूर्ण चुकती झालेली जुनी बिलं नवीन सॉफ्टवेअरमध्ये ओढूच नका. चालू वर्ष आणि थकबाकी पुरते. मागची वर्षं पीडीएफ आणि एक्सेलमध्ये काढून ठेवायची, शोधता येतील अशी.

प्रिंटरचा विषय कुणी काढत नाही आणि पहिल्याच दिवशी तोच रडवतो. जुनं सॉफ्टवेअर डॉट मॅट्रिक्सला नुसती अक्षरं पाठवतं म्हणून बिल टरटर निघतं. ब्राउझर तेच बिल चित्र म्हणून पाठवतो, मग तोच प्रिंटर एका बिलाला मिनिट घेतो आणि छापील स्टेशनरीच्या चौकटी सोडून भलतीकडे छापतो. तीन कॉपीचा कार्बन कागद हवाच असेल, हमालाची एक, ट्रान्सपोर्टची एक, आपली एक, तर टेक्स्ट मोडमध्ये प्रिंट देणारी सोय आहे का ते घेण्याआधी विचारा, नाहीतर लेझर घेऊन तीन प्रती काढा. बारकोड स्कॅनरचा प्रश्न नसतो, तो कीबोर्डसारखाच चालतो. इलेक्ट्रॉनिक वजनकाट्याचा मात्र असतो, काट्यावरचं वजन सिरियल केबलने पीसीत येतं आणि ब्राउझरला ते आपोआप दिसत नाही, मध्ये एक छोटा प्रोग्रॅम बसवावा लागतो. आमच्या एका गिऱ्हाइकाकडे सुरुवातीचे चार दिवस मापाडी ओरडून वजन सांगत होता आणि काउंटरवरचा पोरगा टाइप करत होता, त्यात एका पोत्याला १० किलोचा फरक पडला.

इंटरनेटच्या दोन लाइन घ्या, वेगवेगळ्या कंपन्यांच्या, एक फायबर आणि एक सिमवाला राउटर. दोन्ही एकाच कंपनीच्या घेऊ नका, रस्ता खोदला की दोन्ही जातात. राउटरला छोटा यूपीएस लावा, लोक पीसीला इन्व्हर्टर देतात आणि राउटर विसरतात, मग लाइट गेली की पीसी चालू आणि नेट बंद. आणि तरीही नेट गेलंच तर काय, याचं उत्तर लेखी ठेवा. काही सॉफ्टवेअर ऑफलाइन बिल काढू देतात. नसेल तर एक छापील बिलबुक वेगळ्या सिरीजचं काउंटरखाली ठेवायचं, नंतर त्या नंबरांनी चढवायचं. त्या सिरीजची नोंद जीएसटीआर-१ च्या, म्हणजे विक्रीच्या रिटर्नच्या, कागदपत्रांच्या तक्त्यातही द्यावी लागते, सीएला आधीच सांगून ठेवा.

खातं कुणाच्या नावावर उघडलं जातंय तिकडे लक्ष ठेवा. एका दुकानात बसवून देणाऱ्याने स्वतःच्याच ईमेलने सगळं उघडलं होतं, पुढे पैशावरून वाद झाला आणि मालकालाच आपल्या हिशेबात शिरता येईना, दोन आठवडे. ईमेल धंद्याचा हवा, मोबाइल मालकाच्या ताब्यातला हवा, आणि मालक तीर्थयात्रेला गेला तर ओटीपी कोण देणार हेही ठरलेलं हवं. मालवाहतुकीसाठीचं ई-वे बिल आणि ई-इनव्हॉइस, म्हणजे सरकारकडे ऑनलाइन नोंदवायचं बिल, यांच्या पोर्टलवर १ एप्रिल २०२५ पासून सगळ्यांनाच दुहेरी पडताळणी आली आहे, त्यामुळे तो फोन दुकानात नसला तर गाडी गेटवर उभी राहते. प्रत्येकाला वेगळा लॉगिन द्या. गोडाऊनच्या पोराला भाव आणि मार्जिन दिसायची गरज नाही.

ट्रायल कमीत कमी दोनदा करा. पहिल्यांदा डेटा चढवायचा, बघायचा, चुका लिहायच्या, सगळं पुसायचं, पुन्हा चढवायचं. जुळवताना तेरीज (ट्रायल बॅलन्स), एकूण उधारी आणि मालाचा साठा, हे तीन आकडे रुपया-रुपया आणि किलो-किलो जुळले पाहिजेत, जवळपास जुळलं असं काही नसतं. त्यानंतर दिवाणजींना सांगा की तुमच्या मनाने २० पार्ट्या निवडा. ते नेमक्या वाकड्या पार्ट्या निवडतात, जिचा चेक परत आलेला, जिचा माल अर्धा परत आलेला, जिचं भावाशी वेगळं झाल्यावर खातं दोन झालेलं. त्या २० जुळल्या तर बाकीच्या जुळतात.

मग १५ दिवस दोन्ही एकत्र चालवा. खरं बिल जुन्यातून, आणि संध्याकाळी तीच बिलं नवीन सॉफ्टवेअरमध्ये सरावासाठी. दमायला होतं, लोक चिडतात, चहा-भजी सांगा पण करून घ्या. ५ कोटींवरची उलाढाल असेल तर ई-इनव्हॉइस दोन्हीकडून काढू नका, पोर्टल त्याच नंबरचा दुसऱ्यांदा घेत नाही आणि नंबर बदलून काढलात तर विक्री दुप्पट दिसते. सराव टेस्टच्या पोर्टलवरच.

बदलायची तारीख म्हटलं की सगळे १ एप्रिल म्हणतात. हिशेबाला ते सोपं आहे, बिलाची सिरीजही नवीनच सुरू होते. पण मार्चअखेर सगळ्यांची धावपळ असते आणि साठा मोजून पक्का व्हायला दहा दिवस जातात, म्हणून एप्रिल धरायचा असेल तर साफसफाई दिवाळीनंतर लगेच सुरू करा आणि ट्रायल जानेवारीत आटपा. मध्येच बदलायचं असेल तर महिन्याची १ तारीख धरा आणि बिलाला नवीन सिरीज द्या, १६ अक्षरांच्या आत, जुन्याशी नंबर भिडणार नाही अशी. तुरीची आवक जोरात असताना मात्र हात लावू नका.

दिवाणजींना या सगळ्यात पहिल्या दिवसापासून घ्या. आमच्या दिवाणजींना वाटलं होतं की आता आपली गरज संपली, ते बोलले नाहीत पण दोन दिवस डबा न खाता घरी घेऊन गेले. काकांनी त्यांना समोर बसवून सांगितलं की मशीन बदलतंय, गादी तुमचीच आहे. त्यानंतर चुका शोधण्यात त्यांच्याएवढा कुणीच कामाला आला नाही. त्यांच्यासाठी जुन्यातल्या एफ-कीज नवीन सॉफ्टवेअरमध्ये जेवढ्या लावता आल्या तेवढ्या लावून दिल्या, आणि बाकीच्या एका पुठ्ठ्यावर मोठ्या अक्षरात लिहून मॉनिटरखाली चिकटवल्या.

जुना पीसी भंगारात देऊ नका. जीएसटीचे हिशेब वार्षिक रिटर्नच्या मुदतीपासून ७२ महिने ठेवायचे असतात, आणि नोटीस आली की नेमकं तेव्हाचं बिल लागतं. त्या पीसीचं नेट काढून टाका, त्यावर नवीन बिल निघणार नाही असं करा, यूएसबी लॉक चिकटपट्टीने कॅबिनेटलाच लावून ठेवा कारण तो हरवला की सॉफ्टवेअर उघडत नाही, आणि तीन महिन्यांतून एकदा चालू करून बघा. नव्या क्लाउडमधूनही दर महिन्याच्या १ तारखेला पूर्ण डेटा उतरवून आपल्या डिस्कवर ठेवा. तो उतरवता येतो का, कुठल्या स्वरूपात येतो आणि वर्गणी बंद केल्यावर किती दिवस मिळतो, हे तीन प्रश्न पैसे भरायच्या आधी ईमेलवर विचारा आणि उत्तर ईमेलवरच घ्या.